ब्राउझर सपोर्ट टर्मिनलवरून कसा तपासता? (एका कोऱ्या पानामुळे पडलेला प्रश्न)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमचं अर्ज भरायचं एक पान काही लोकांच्या फोनवर कोरं दिसायला लागलं. चूक दाखवणारा संदेश नाही, विस्कटलेली मांडणी नाही, नुसता पांढरा पडदा. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर मात्र पान ठणठणीत. तक्रार करणाऱ्यांमध्ये समान काय आहे हे कळायलाच दोन दिवस गेले. सगळ्यांकडे जुने आयफोन होते आणि सगळे आयओएस १५ वर होते.

शेवटी तसा एक फोन केबलने जोडून कन्सोल उघडला. त्यात एकच ओळ होती: "सिंटॅक्सएरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम". एका रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) लुकबिहाइंड होतं, म्हणजे "आधी अमुक असेल तरच जुळव" असं सांगणारा, (?<= ने सुरू होणारा कंस. सफारीत हे १६.४ ला आलं, मार्च २०२३ मध्ये. क्रोममध्ये ते आवृत्ती ६२ पासून, २०१७ पासून आहे. त्यामुळे ही गोष्ट नवी आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

यातला सर्वात वाईट भाग असा की रेगेक्स थेट दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिलेला असला, तर ब्राउझर फाइल वाचतानाच अडखळतो. ती ओळ चालायची वेळच येत नाही. त्या फाइलमधलं एकही फंक्शन चालत नाही, ट्राय-कॅच लावून काही उपयोग नसतो, आणि सगळा कोड एकाच बंडलमध्ये (बिल्ड करताना एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) असेल तर अख्खं पान जातं. एका कंसापायी.

कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते सांगणारी कॅन आय यूजची साइट मला माहीत आहे, रोज उघडतो. पण तिथे शोधायला आधी शंका यावी लागते, आणि इथे शंकाच आली नव्हती. म्हणून मला हे काम टर्मिनलवर हवं आहे, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, बिल्डच्या शेजारी. तुम्ही काय वापरता? नुसती नावं सांगू नका, प्रत्यक्षात कुठे अडकलात तेही लिहा.

(इथे कमांडी देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.)

---

शून्यएक

चांगला विषय. सविस्तर लिहितो, कारण यात "कोणतं टूल" यापेक्षा "कोणाची माहिती" हे आधी कळणं गरजेचं आहे. टूलं पुष्कळ आहेत, पण त्यांच्या पोटात माहितीचे मोजकेच साठे आहेत.

पहिला साठा कॅन आय यूजचा. अलेक्सिस डेव्हेरिया यांनी सुरू केलेला, आणि माहिती गिटहबवर खुली आहे. एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) तो दोन रूपांत मिळतो: पूर्ण माहितीचा कॅनआययूज-डीबी आणि आटोपशीर कॅनआययूज-लाइट. दुसरा साठा एमडीएनचा (वेब तंत्रांची माहिती देणाऱ्या साइटचा), त्याचं नाव ब्राउझर-कॉम्पॅट-डेटा. तो फार बारीक आहे: एकेका मेथडची, एकेका सीएसएस व्हॅल्यूची स्वतंत्र नोंद. तिसरा वेब-फीचर्स, ज्यावर बेसलाइन उभं आहे. त्याबद्दल इथे कुणीतरी लिहीलच, म्हणून मी थांबतो.

आता तुमच्या प्रकरणाला नेमकी लागू होणारी कमांड. ब्राउझरस्लिस्ट (सांभाळायच्या ब्राउझरांची यादी काढणारं टूल) तुमच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक आधीच आहे, कारण ऑटोप्रीफिक्सर (सीएसएसमध्ये ब्राउझरचे उपसर्ग लावणारं) आणि बेबल (नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं) दोन्ही त्याच्यावर चालतात. लोक त्याला फक्त "मला कोणते ब्राउझर हवेत" एवढंच सांगतात. पण त्याला उलटं विचारता येतं:

एनपीएक्स ब्राउझरस्लिस्ट "आयओएस >= १५ अँड नॉट सपोर्ट्स जेएस-रेगएक्स्प-लुकबिहाइंड"

चालवून बघा. वर सफारीचं १६.३ येईल, मग खाली खाली उतरत १५.६-१५.८ आणि तळाला १५.०-१५.१. हीच तुमची तक्रार करणारी मंडळी. पहिल्या भागाच्या जागी तुमच्या प्रोजेक्टची स्वतःची यादी टाकलीत, तर उत्तर थेट "आपल्यापैकी कोणाला हे चालणार नाही" असं मिळतं. उत्तर रिकामं आलं तर वापरा, ओळी आल्या तर थांबा आणि त्या ओळी वाचा.

"सपोर्ट्स" पुढचं नाव हे कॅन आय यूजच्या त्या पानाच्या पत्त्यातलं शेवटचं नाव असतं. फ्लेक्सबॉक्समधल्या गॅपसाठी फ्लेक्सबॉक्स-गॅप, हॅज सिलेक्टरसाठी सीएसएस-हॅज, असं.

एक अडचण मात्र आहे. कॅन आय यूजच्या साइटवर शोधलं की एमडीएनच्या नोंदीही दिसतात, २०१९ पासून. कॅनआययूज-लाइटमध्ये त्या नाहीत. त्यामुळे ॲरेची ॲट मेथड साइटवर सापडते म्हणून ब्राउझरस्लिस्टला विचारायला जाल तर ते नाव त्याला ओळखूच येणार नाही. अशा वेळी थेट एमडीएनचा साठा उघडायचा. पॅकेज बसवून नोडला -पी देऊन जावास्क्रिप्ट, बिल्टइन्स, ॲरे, ॲट, मग दोन अंडरस्कोअरवालं कॉम्पॅट, सपोर्ट, सफारी_आयओएस असा मार्ग दिला की समोर व्हर्जन_ॲडेड: १५.४ येतं. मार्ग लांब आहे खरा, पण एमडीएनच्या पानांची रचनाही साधारण तशीच असल्यामुळे दोन-तीन वेळा केलं की हात बसतो. मी त्यासाठी दहा ओळींची एक स्क्रिप्ट करून ठेवली आहे, नाव दिलं की पाच ब्राउझरांच्या आवृत्त्या छापते.

---

लोलक

+१. "उलटं विचारता येतं" हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

कोनशिला

शून्यएक यांनी मुद्द्याचं सांगितलं आहे. त्याला जोडून दोन गोष्टी, ज्यांच्यामुळे मी खरोखर अडकले होते.

पहिली, माहितीचा शिळेपणा. कॅनआययूज-सीएमडी नावाचं एक छोटं टूल आहे, नाव दिलं की टर्मिनलवर प्रत्येक ब्राउझरपुढे बरोबर-चूक अशा खुणा दाखवतं. मला ते फार आवडायचं आणि मी ते ग्लोबल बसवून ठेवलं होतं. दीड वर्षानं लक्षात आलं की ते अजून बसवलेल्या दिवशीचीच उत्तरं देतंय. माहिती पॅकेजबरोबर येते. पॅकेज हललं नाही तर माहितीही हलत नाही. ब्राउझरस्लिस्ट निदान "कॅनआययूज-लाइट जुनं झालंय" असं बिल्डमध्ये सांगतं, आणि ते आपण सगळेच वाचल्याशिवाय वर सरकवतो. एनपीएक्स अपडेट-ब्राउझरस्लिस्ट-डीबी@लेटेस्ट ही एक कमांड महिन्यातून एकदा चालवावी. लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) बदलते, तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवावा, म्हणजे यादीत कोण नवं आलं आणि कोण गळलं ते दिसतं. कमांड स्वतःच तो फरक छापते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि पाऊलवाट, मला वाटतं तुमच्याकडेही हेच झालं असणार. तुमच्या यादीत "लास्ट २ व्हर्जन्स" आहे का? क्रोमच्या बाबतीत ते दोन आवृत्त्या म्हणजे साधारण दोन महिने. पण आयओएस सफारीच्या बाबतीत त्या दोन आवृत्त्या पॉइंटवाल्या असतात, सबंध आयओएस १७ किंवा १८ नव्हे. "आपण शेवटच्या दोन आयओएस सांभाळतो" असं सगळ्यांना वाटत असतं आणि यादीत प्रत्यक्षात गेल्या काही महिन्यांपुरतंच असतं. "लास्ट २ मेजर व्हर्जन्स" हे वेगळं लिहावं लागतं. नुसतं एनपीएक्स ब्राउझरस्लिस्ट चालवून जी यादी येते ती एकदा वाचा. मी दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी ती कधीच वाचलेली नसते.

---

पाऊलवाट

कोनशिला, आत्ता चालवून पाहिलं. आमच्या कॉन्फिगमध्ये फक्त "डीफॉल्ट्स" लिहिलेलं आहे. म्हणजे ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त वापर, शेवटच्या दोन आवृत्त्या, फायरफॉक्स ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती), आणि "डेड" (देखभाल थांबलेले) नसलेले. यादीत ऑपेरा मिनी आहे, ज्याचा आमच्याशी काहीही संबंध नाही. आणि ज्या फोनवर पान कोरं पडलं तो १५.६-१५.८ यादीत नाही.

तीन वर्षं ही फाइल रेपोत आहे आणि मी ती कधी वाचली नव्हती. ब्राउझरस्लिस्टने त्याचं काम चोख केलं. आम्ही त्याला आमचे वापरकर्ते कोण हे कधी सांगितलंच नाही.

---

नवी_पालवी

मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न अगदी प्राथमिक असेल तर सांभाळून घ्या.

कॅन आय यूजची जेसन फाइल उघडली तर आवृत्तीपुढे कुठे वाय, कुठे एन, आणि कुठे "ए #२" असं लिहिलेलं दिसतं. ते काय? आणि दुसरं म्हणजे सीएसएसमध्ये ॲट-सपोर्ट्स असताना हे सगळं टर्मिनलवर करायची गरज का पडते? ब्राउझरलाच विचारलं तर तो खरं सांगेल ना?

---

शून्यएक

@नवी_पालवी, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

वाय म्हणजे आहे, एन म्हणजे नाही, ए म्हणजे अर्धवट. पी म्हणजे नाही पण पॉलीफिल (उणीव भरून काढणारा कोड) मिळतं, यू म्हणजे माहीत नाही. एक्स असेल तर प्रीफिक्स लागतो, डी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि #२ म्हणजे त्याच फाइलमधली दोन नंबरची टीप. अर्धवट म्हणजे नेमकं काय अर्धं, ते त्या टिपेत असतं. ती टीप वाचायची असेल तर कॅनआययूज-डीबी किंवा गिटहबवरची फाइल लागते. लाइट आवृत्ती हलकी राहावी म्हणून त्यातून टिपांचा मजकूर काढलेला आहे, म्हणजे "ए #२" हातात येतं आणि दोन नंबरची टीप कुठेच नसते. याचसाठी ब्राउझरस्लिस्टमध्ये "फुली सपोर्ट्स" आणि "पार्शली सपोर्ट्स" असे शब्द आहेत. साधं "सपोर्ट्स" अर्धवटालाही आहे म्हणतं. मी कायम "फुली" लिहितो, आणि त्यातून जे गळेल त्याच्या टिपा वाचतो.

ॲट-सपोर्ट्सबद्दल. बहुतेक वेळा ब्राउझर खरंच सांगतो, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं. गॅपचं उदाहरण घ्या. सफारी १२ मध्ये ग्रिडसाठी गॅप आलं. फ्लेक्ससाठी आलं १४.१ मध्ये, एप्रिल २०२१ ला. मधल्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये ॲट-सपोर्ट्स (गॅप: १पीएक्स) विचारलं तर उत्तर "हो" येतं, कारण गॅप ही प्रॉपर्टी त्याला कळते. फ्लेक्समध्ये कळते का, हे विचारायची सोय त्या वाक्यरचनेत नाही. त्या काळात आमची बटणांची एक रांग काही आयपॅडवर एकमेकांना चिकटून बसायची आणि मी फॉलबॅक लिहिलेला असूनही तो लागू होत नव्हता. साठ्यात मात्र फ्लेक्सबॉक्स-गॅप ही स्वतंत्र नोंद होती आणि तिथे स्वच्छ एन लिहिलेलं होतं. मी ती वेळेवर पाहिली नाही.

शिवाय ॲट-सपोर्ट्स पान उघडल्यावर बोलतो. टर्मिनल कोड लिहितानाच बोलतो.

---

लोलक

बेसलाइनचा विषय निघणारच होता, तर मी काढतो.

मला वाटतं या याद्या, टक्केवाऱ्या सांभाळण्यापेक्षा बेसलाइन धरणं सोपं आहे. २०२३ मध्ये ही कल्पना आली. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी, डेस्कटॉप आणि मोबाइल धरून, या सगळ्यांत एखादी गोष्ट आली की ती "न्यूली अव्हेलेबल". त्यानंतर ३० महिने गेले की "वाइडली अव्हेलेबल". टीममध्ये वाद होत नाहीत. कोणी विचारलं "हॅज वापरू का?", तर फायरफॉक्स १२१ सगळ्यात शेवटी आला, डिसेंबर २०२३, त्यात ३० महिने मिळवा, झालं. ब्राउझरस्लिस्टलाही आता "बेसलाइन वाइडली अव्हेलेबल" असं लिहिता येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

एमडीएनच्या पानांवर तोच बिल्ला दिसतो, कॉन्फिगमध्ये तोच शब्द लिहायचा. डिझायनरलाही कळतं.

---

कोनशिला

लोलक, बेसलाइन मीही वापरते आणि सोय आहे यात शंका नाही. पण या धाग्यातलंच उदाहरण लावून बघा. लुकबिहाइंड सफारीत मार्च २०२३ ला आलं, म्हणजे ३० महिने सप्टेंबर २०२५ ला भरतात. त्यानंतर ते "वाइडली अव्हेलेबल". पण पाऊलवाट यांच्या वापरकर्त्याचा फोन आयफोन ७ असेल तर त्याला आयओएस १६ मिळतच नाही. सफारी आयओएसबरोबर येते, वेगळी अपडेट होत नाही. त्यानं त्या फोनवर क्रोम बसवलं तरी आत इंजिन वेबकिटचंच (सफारीचं तेच), त्याच जुन्या आवृत्तीचं. तीस महिने जाऊ देत नाहीतर साठ, त्या फोनमध्ये लुकबिहाइंड कधीच येणार नाही.

बेसलाइन सांगतं की ही गोष्ट किती काळापासून सगळीकडे मिळते. तुमच्या दारात उभा असलेल्या माणसाच्या हातात कोणता फोन आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. बातम्यांची साइट असेल तर एक वेळ चालेल. अर्ज भरायचं पान म्हणजे ज्याला दुसरा पर्यायच नाही असा माणूस तिथे येतो, आणि जुना फोन असण्याची शक्यता नेमकी त्याच्याकडेच जास्त. तिथे मी तरी फक्त बेसलाइनवर विसंबणार नाही.

---

लोलक

हे पटलं. आयओएस आणि ब्राउझर एकत्र बांधलेले असण्याचा मी विचार केला नव्हता. मग दोन्ही एकत्र लिहिता येईल ना? बेसलाइन, आणि त्याला जोडून आपल्याकडच्या जुन्या आवृत्त्या?

---

कोनशिला

येतं की. स्वल्पविराम दिला की दोन्ही याद्या एकत्र होतात. आणि याहून चांगलं म्हणजे आपल्या ॲनालिटिक्समधली आकडेवारी ब्राउझरस्लिस्ट-स्टॅट्स.जेसन या फाइलमध्ये प्रोजेक्टमध्ये ठेवायची आणि "> ०.५% इन माय स्टॅट्स" असं लिहायचं. एरवी टक्के मोजले जातात ते जगभरच्या वापराचे. मग --कव्हरेज देऊन चालवलं की यादी किती टक्के लोकांना पुरते तेही समजतं.

एक सावधगिरी. ज्यांचं पान कोरं पडतं त्यांच्याकडे ॲनालिटिक्सची स्क्रिप्टही त्याच बंडलमध्ये असेल तर तीही चालत नाही. ती माणसं आकड्यांत दिसतच नाहीत. म्हणून मी सर्व्हरच्या लॉगमधले युजर-एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळी) मोजते.

---

पाऊलवाट

लॉगचा मुद्दा वाचून उठून बसलो. आमचं ॲनालिटिक्स त्याच बंडलमध्ये आहे. आयओएस १५ चा वाटा गेल्या महिन्यात एकदम घटलेला दिसत होता आणि आम्ही समजलो की लोकांनी फोन बदलले.

आता प्रगती सांगतो. काल यादी दुरुस्त केली, "आयओएस >= १५" जोडलं, "नॉट ऑप_मिनी ऑल" लिहिलं. मग ईएसलिंटला (सोर्स तपासणाऱ्या लिंटरला) कॉम्पॅट प्लगइन लावलं. ते याच यादीवरून न चालणारे एपीआय दाखवतं, पण वाक्यरचना तपासत नाही. लुकबिहाइंडसाठी ईएस-एक्स प्लगइनमधला त्याचा खास नियम चालू केला. सीएसएससाठी स्टाइललिंटचं नो-अनसपोर्टेड-ब्राउझर-फीचर्स.

सगळं चालवलं. आमच्या सोर्समध्ये लुकबिहाइंड: शून्य.

अर्धा तास नुसता बघत बसलो. मग बंडल उघडून (?<= शोधलं तर तीन ठिकाणी सापडलं. तिन्ही एका छोट्या पॅकेजमधली, आकड्यांत स्वल्पविराम घालणाऱ्या. ते पॅकेज आम्ही थेट घेतलेलंही नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी पाठोपाठ आलेलं. लिंटर नोड_मॉड्यूल्समध्ये (बाहेरची पॅकेजं असतात त्या फोल्डरमध्ये) जात नाही, आणि बेबललाही आम्ही तिथे पाठवत नव्हतो. (पाठवलं असतं तरी लुकबिहाइंड बेबलला बदलता येत नाही.)

---

सायंतारा

बराच वेळ वाचत होते, या टप्प्यावर लिहावंसं वाटलं. लोकांच्या फोनवर जातं ते बंडल. त्यामुळे शेवटची तपासणी बंडलचीच हवी. ईएस-चेक नावाचं टूल आहे: एनपीएक्स ईएस-चेक ईएस२०१७ आणि पुढे डिस्ट फोल्डरमधल्या फाइलींचा पॅटर्न. ते प्रत्येक फाइल जावास्क्रिप्टच्या त्या वर्षाच्या (इथे २०१७ च्या) नियमांनी वाचून बघतं आणि नाही वाचता आली तर बिल्ड पाडतं. लुकबिहाइंड ईएस२०१८ मधलं असल्यामुळे सापडतं.

पण वर्ष आणि ब्राउझर यांची जोडी नीट जुळत नाही, हे लक्षात ठेवा. ऑब्जेक्ट स्प्रेडही ईएस२०१८ चंच, सफारीत ते ११.१ पासून आहे. लुकबिहाइंड त्याच वर्षाचं, आणि सफारीत १६.४ ला. म्हणजे ईएस२०१८ म्हटलं तर लुकबिहाइंड निसटतं, ईएस२०१७ म्हटलं तर बिचारं स्प्रेडही पकडलं जातं. आम्ही बंडलरचं टार्गेट ईएस२०१७ ठेवून हा प्रश्न सोडवला. स्प्रेड आपोआप जुन्या रूपात जातो आणि ईएस-चेकला उरतं ते खरोखर धोक्याचं.

ईएसबिल्ड वापरत असाल तर आणखी एक. टार्गेटला न कळणारा रेगेक्स दिसला की ते त्याला न्यू रेगएक्स्प(...) मध्ये गुंडाळतं, म्हणजे हवं तर पॉलीफिल लावता येतं. पान कोरं पडण्याऐवजी ती ओळ चालताना चूक येते. फाइल वाचली जाते म्हणून ईएस-चेकही गप्प बसतं. स्ट्रिंगमध्ये दडलेला रेगेक्स त्याला दिसत नाही. म्हणून आमच्या बिल्डमध्ये ईएस-चेकनंतर साधा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) आहे, (?<= आणि (?<! या दोन्हींसाठी.

---

नवी_पालवी

ग्रेप! एवढ्या सगळ्यानंतर ग्रेप वाचून धीर आला. ते मला येतं.

आणि एक विचारायचं होतं, जुना फोन जवळ नसेल तर प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलने) वेबकिट उघडून बघणं पुरेसं होईल का?

---

सायंतारा

मांडणी बघायला उपयोगी आहे, पण या कामाला पुरणार नाही. प्लेराइट आपल्या आवृत्तीबरोबर बांधलेलं वेबकिट आणतं, आणि ते ताजं असतं. जुनं हवं असेल तर प्लेराइटचीच जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवावी लागते. तेव्हाही ते वेबकिट असतं, आयफोनवरची सफारी नव्हे. कोरं पान पकडायला मात्र तेवढं बऱ्याचदा चालतं.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच बिल्ड हिरवं झालं, म्हणून लगेच लिहितो.

ते पॅकेज काढलं. आकड्यांत स्वल्पविराम घालायला इंटल.नंबरफॉरमॅट ब्राउझरमध्येच आहे आणि आयओएस १५ ला ते व्यवस्थित चालतं. बिल्डनंतर ईएस-चेक, मग ग्रेप. ब्राउझरस्लिस्टची यादी दर बिल्डला लॉगमध्ये छापतो, म्हणजे ती निदान समोर तरी येते. ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट वेगळी केली, जुन्यात जुन्या ब्राउझरला वाचता येईल अशा वाक्यरचनेत, मुख्य बंडलच्या आधी.

ज्यांचा फोन जोडून कन्सोल उघडला होता त्यांना दुवा पाठवला. पान उघडलं, अर्ज भरून झाला.

शून्यएक, ती दहा ओळींची स्क्रिप्ट इथे टाकाल का? मला तिच्यात ब्राउझरस्लिस्टची यादी जोडून बघायची आहे.